एक्सचेंज हायब्रिड रीसेट करताना: काय पुसायचं, काय ठेवायचं आणि कोणत्या क्रमाने

हायब्रिड म्हणजे आपल्याकडचा एक्सचेंज मेल सर्व्हर आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधलं एक्सचेंज ऑनलाइन यांची जोडणी. ती बिघडली की बहुतेक नव्या ॲडमिनना वाटतं, सगळं पुसून टाकू आणि ती जोडून देणारा विझार्ड पुन्हा चालवू. थोडं शोधलं की रिमूव्ह-हायब्रिडकॉन्फिगरेशन ही कमांड सापडते. ती चालवली तर क्षणात पूर्ण होते. त्यानंतर बघावं तर कनेक्टर (मेलचे ठरवून दिलेले मार्ग) तिथेच, फ्री-बिझी (एकमेकांच्या कॅलेंडरमधली मोकळी-व्यस्त वेळ दिसणं) बंदच, मेल अडकलेली तशीच.

कारण साधं आहे. ही कमांड ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला फक्त एक ऑब्जेक्ट काढते, आणि त्या ऑब्जेक्टमध्ये तुम्ही विझार्डमध्ये काय निवडलं होतं याची नोंद असते, एवढंच. खरी हायब्रिड रचना आठ-दहा ठिकाणी विखुरलेली असते: काही आपल्याकडच्या एक्सचेंज सर्व्हरवर, काही एक्सचेंज ऑनलाइनमध्ये, काही एन्ट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड डिरेक्टरीमध्ये. म्हणून रीसेट म्हणजे त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन, काय जुनं आणि काय जिवंत हे ओळखून, नेमकं तेवढंच काढणं. या कामाचा मोठा भाग पुसण्याचा नसून ओळखण्याचा आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

इथे एक्सचेंज २०१६, २०१९ किंवा सबस्क्रिप्शन एडिशन आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ अशी जोडी गृहीत धरली आहे. कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत, मधल्या हायफनसकट द्यायची.

## १. रीसेट खरंच हवा आहे का, ते आधी ठरवा

हायब्रिड कॉन्फिगरेशन विझार्ड पुन्हा चालवणं सुरक्षित असतं. तो आधी आहे ती परिस्थिती तपासतो, हवी त्या परिस्थितीशी ताडून बघतो आणि फरक असेल तेवढंच बदलतो. सर्टिफिकेट बदललं, नवा सर्व्हर आला, नवं डोमेन जोडलं अशा वेळी काहीही न पुसता विझार्ड पुन्हा चालवला की पुरतं. नव्या आवृत्तीत तर कोणते भाग अद्ययावत करायचे तेही निवडता येतं.

पुसण्याची वेळ खरोखर येते ती साधारण अशा परिस्थितींत: जुन्या एक्सचेंज ऑर्गनायझेशनचे किंवा जुन्या टेनंटचे (मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या संस्थेच्या जागेचे) अवशेष मागे राहिले आहेत; मॉडर्न हायब्रिडवरून क्लासिकवर, म्हणजे एजंटवाल्या पद्धतीवरून थेट प्रकाशित केलेल्या सर्व्हरवर, जायचं आहे; किंवा हायब्रिड ऑब्जेक्टच खराब झाल्यामुळे विझार्ड पहिल्या पानांपुढे जात नाही. रिमूव्ह-हायब्रिडकॉन्फिगरेशन ही या शेवटच्या परिस्थितीसाठीची कमांड आहे. मायक्रोसॉफ्टही ती मर्यादित प्रसंगी आणि सपोर्टच्या सल्ल्यानेच वापरायला सांगतं.

विझार्ड कुठे अडतो ते आधी वाचा. विझार्ड उघडा असताना एफ१२ दाबलं की लॉगची फाइल आणि फोल्डर उघडण्याचे पर्याय मिळतात. शेवटच्या एरर ओळीच्या वर कोणती कमांड चालली होती ते बघा. नव्वद टक्के उत्तर त्या चार ओळींत असतं. ८०६४ हा कोड आला तर बाकी सगळं झालं आहे, फक्त ओऑथचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी टोकन दाखवून एकमेकांना ओळखण्याचा, भाग राहिला आहे. ८०७८ आला तर मायग्रेशन एंडपॉइंट, म्हणजे मेलबॉक्स हलवण्यासाठीच्या जोडणीची नोंद, तयार झालेला नाही. यांपैकी कशासाठीही अख्खं हायब्रिड पाडायची गरज नाही.

## २. हाताशी काय काय लागेल

- आपल्याकडच्या एक्सचेंजवर ऑर्गनायझेशन मॅनेजमेंट भूमिका असलेलं खातं, आणि टेनंटमध्ये ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर.
- मान्यताप्राप्त सर्टिफिकेट कंपनीकडून घेतलेलं, खासगी कीसकट सर्व्हरवर बसवलेलं सर्टिफिकेट. सेल्फ-साइन्ड चालत नाही.
- बाहेरच्या डीएनएसवर बदल करण्याचा अधिकार, किंवा तो असलेला माणूस त्या वेळी फोनवर.
- फायरवॉलची यादी: क्लासिकसाठी बाहेरून आत ४४३ आणि २५, मॉडर्नच्या एजंटसाठी आतून बाहेर ४४३ आणि ८०. मेलसाठी २५ दोन्हींत लागतंच.
- एक्सचेंज मॅनेजमेंट शेल, आणि एक्सचेंज ऑनलाइनचं पॉवरशेल मॉड्यूल.
- दोन चाचणी मेलबॉक्स: एक आपल्याकडे, एक क्लाउडवर.
- मेल उशिरा येतील हे लोकांना आधी कळवलेलं असेल अशी वेळ.

एक गोष्ट आत्ताच लावून घ्या. दोन्हीकडे कमांडची नावं बरीचशी सारखीच आहेत. गेट-ऑर्गनायझेशनरिलेशनशिप आपल्याकडेही आहे आणि क्लाउडमध्येही. चुकीच्या खिडकीत रिमूव्ह दाबलं गेलं तर ते कळायलाही वेळ लागतो. म्हणून कनेक्ट-एक्सचेंजऑनलाइन देताना प्रीफिक्स हा पॅरामीटर वापरा, म्हणजे क्लाउडच्या प्रत्येक कमांडच्या नामात तुमची दोन अक्षरं लागतात आणि गोंधळाला जागाच उरत नाही. खिडक्यांचे रंग वेगळे ठेवण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

## ३. आहे ते सगळं उतरवून घ्या

काहीही पुसण्याआधी दोन्ही बाजूंची स्थिती फाइलमध्ये साठवा. फॉरमॅट-लिस्टने वाचता येईल अशी एक प्रत आणि एक्स्पोर्ट-सीएलआयएक्सएमएलने दुसरी.

आपल्याकडून: हायब्रिडकॉन्फिगरेशन, सेंड आणि रिसीव्ह कनेक्टर, ऑर्गनायझेशन रिलेशनशिप, इंट्राऑर्गनायझेशन कनेक्टर, फेडरेशन ट्रस्ट, ऑथ कॉन्फिग, ऑथ सर्व्हर, ॲक्सेप्टेड डोमेन, रिमोट डोमेन, ई-मेल ॲड्रेस पॉलिसी, आणि वेब सर्व्हिसेसच्या व्हर्च्युअल डिरेक्टरी.

क्लाउडमधून: इनबाउंड आणि आउटबाउंड कनेक्टर, ऑर्गनायझेशन रिलेशनशिप, इंट्राऑर्गनायझेशन कनेक्टर, ऑनप्रिमायसेस ऑर्गनायझेशन, मायग्रेशन एंडपॉइंट, ॲक्सेप्टेड आणि रिमोट डोमेन.

आता या फाइली शांतपणे वाचा. सगळ्यात उपयोगी पडतो तो जीयूआयडी, म्हणजे प्रत्येक ऑर्गनायझेशनचा एकमेव ओळख क्रमांक. आपल्याकडच्या शेलमध्ये गेट-ऑर्गनायझेशनकॉन्फिग चालवून जीयूआयडी बघा. विझार्डने क्लाउडमध्ये केलेल्या कनेक्टरची नावं 'इनबाउंड फ्रॉम' किंवा 'आउटबाउंड टू' आणि पुढे हाच जीयूआयडी अशी असतात. तुमच्याशी जुळणारा तो जिवंत, न जुळणारा तो कुठल्यातरी जुन्या सर्व्हरचा अवशेष. पण नाव जुळत नाही म्हणून लगेच पुसू नका. कोणीतरी हाताने केलेला कनेक्टर स्कॅनर-प्रिंटरच्या मेलसाठी वापरात असू शकतो. आधी तो बंद करा आणि काही दिवस मेसेज ट्रेस बघा.

## ४. चालू कामं थांबवा

मायग्रेशनच्या बॅच चालू असतील तर त्या पूर्ण होऊ द्या किंवा थांबवून काढा. एंडपॉइंट एखाद्या बॅचला जोडलेला असेल तर तो निघतही नाही. मूव्ह रिक्वेस्ट दोन्हीकडे तपासा.

सेंट्रलाइज्ड मेल ट्रान्सपोर्ट चालू आहे का, हेही आत्ताच बघा. ते चालू असेल तर क्लाउडवरच्या लोकांची बाहेर जाणारी मेल आधी आपल्या सर्व्हरवर येते आणि मग बाहेर पडते. आउटबाउंड कनेक्टर काढल्याक्षणी ती मेल थेट मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून जायला लागेल. तुमच्या एसपीएफ नोंदीत (तुमच्या डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ती डीएनएसमधली यादी) मायक्रोसॉफ्टचा समावेश नसेल, तर समोरचे सर्व्हर ती संशयास्पद ठरवतील. एसपीएफ आदल्या दिवशीच दुरुस्त करा.

## ५. या गोष्टींना हात लावू नका

हा भाग घाईत वगळू नका, कारण इथली चूक परत फिरवणं कठीण असतं.

डिरेक्टरी सिंक बंद करू नका. ते काम करणाऱ्या एन्ट्रा कनेक्टचा हायब्रिड रीसेटशी संबंध नाही. सिंक चालू आहे तोवर मेलबॉक्सचे पत्ते वगैरे गुणधर्म सहसा आपल्याकडच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतूनच ठरतात.

शेवटचा एक्सचेंज सर्व्हर अनइन्स्टॉल करू नका. एक्सचेंज २०१९ च्या बाराव्या क्युम्युलेटिव्ह अपडेटपासून, म्हणजे २०२२ पासून, सगळे मेलबॉक्स क्लाउडवर असतील तर शेवटचा सर्व्हर बंद करून फक्त मॅनेजमेंट टूल्सवर काम चालवता येतं. पण बंद करणं वेगळं आणि अनइन्स्टॉल करणं वेगळं. अनइन्स्टॉल केल्याने डिरेक्टरीतली गरजेची माहितीही निघून जाते.

मेल डॉट ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम असा शेवट असलेलं ॲक्सेप्टेड डोमेन आणि ॲड्रेस पॉलिसीतला त्याचा पत्ता काढू नका. क्लाउडवर गेलेल्या प्रत्येक मेलबॉक्सचा रिमोट राउटिंग ॲड्रेस याच डोमेनवर असतो. तो गेला की आपल्याकडच्या सर्व्हरला त्या माणसाची मेल कुठे पाठवायची ते समजत नाही. उलट ज्यांच्या मेलबॉक्सवर ॲड्रेस पॉलिसी बंद केलेली आहे त्यांना हा पत्ता कधी मिळालेलाच नसतो आणि त्यांचं स्थलांतर नेमकं यामुळे अडतं. अशा मेलबॉक्सची यादी या निमित्ताने काढून ठेवा.

ऑथ सर्टिफिकेट पुसू नका. 'मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज सर्व्हर ऑथ सर्टिफिकेट' हे सेल्फ-साइन्ड असतं, म्हणून ते अनावश्यक वाटतं. ओऑथ त्यावरच चालतं.

## ६. फ्री-बिझीचा भाग काढा

इथून पुसायला सुरुवात करा, कारण यात मेल अडकत नाही. फक्त एकमेकांची कॅलेंडरं काही वेळ दिसणार नाहीत.

क्लाउडमध्ये आणि आपल्याकडे, दोन्ही ठिकाणी, विझार्डने केलेल्या ऑर्गनायझेशन रिलेशनशिप आणि इंट्राऑर्गनायझेशन कनेक्टर काढा. दुसऱ्या कंपन्यांशी केलेल्या रिलेशनशिपही त्याच यादीत असतात. त्या ठेवायच्या आहेत, म्हणून नाव आणि डोमेन वाचूनच एकेक काढा. सगळ्या एकदम पाइप करून कधीच काढू नका.

मॉडर्नवरून क्लासिकवर जाणाऱ्यांसाठी खास सूचना: टार्गेटशेअरिंगईपीआर हा गुणधर्म बघा. एजंट असताना तिथे एमएसॲपप्रॉक्सी डॉट नेट असा शेवट असलेला पत्ता असतो. तो भरलेला राहिला तर ऑटोडिस्कव्हर कितीही नीट असलं तरी क्लाउड त्याच जुन्या पत्त्यावर विचारणा करत राहतं. एजंट सर्व्हरवरून काढला, सेवा थांबवली, तरी हा पत्ता आपोआप जात नाही. ऑब्जेक्ट काढून विझार्डकडून नवा करून घेणं, किंवा तो गुणधर्म रिकामा करणं, हे तुम्हालाच करावं लागतं.

नंतर मायग्रेशन एंडपॉइंट काढा. त्यात विशेष काही नाही.

## ७. कनेक्टर, पण जपून

कनेक्टर तुमच्याच जीयूआयडीचे असतील आणि फक्त सर्टिफिकेट जुनं असेल, तर ते काढू नका, विझार्डला दुरुस्त करू द्या. पूर्ण काढावेच लागले तर काढणं आणि विझार्ड चालवणं एकाच बैठकीत करा. मधल्या काळात काय होतं ते समजून घ्या.

आपल्याकडचा हायब्रिड सेंड कनेक्टर गेला की क्लाउडच्या लोकांची मेल नेहमीच्या इंटरनेट कनेक्टरने निघते. ती पोहोचते, पण परक्याची मेल म्हणून. क्लाउडमधला आउटबाउंड कनेक्टर गेला आणि तुमचा एमएक्स (येणारी मेल कुठे उतरवायची ते सांगणारी डीएनएस नोंद) मायक्रोसॉफ्टकडे असला, तर आपल्याकडच्या मेलबॉक्ससाठीची मेल क्लाउडमधून निघून पुन्हा क्लाउडमध्येच येते. शेवटी ५.४.१४ या कोडसह, फेऱ्या जास्त झाल्या म्हणून, परत जाते. पाठवणाऱ्याला हा बाउन्स दिसतो, आणि तो बहुधा ग्राहक असतो.

क्लाउडचे कनेक्टर हाताने नव्याने करण्याचा मोह टाळा. ॲडमिन सेंटरमधून करताना अंतर्गत एक्सचेंज हेडर राखण्याचा पर्याय सुटला की मेल जाते-येते, सगळं ठीक दिसतं, आणि सहकाऱ्यांच्या मेल जंकमध्ये जातात.

सर्टिफिकेटची एक खोच. सेंड कनेक्टरवर सर्टिफिकेटची नोंद थंबप्रिंटने होत नाही, जारी करणारा आणि सब्जेक्ट या दोन्हींच्या मजकुराने होते. त्यामुळे नूतनीकरणात कंपनीने मधल्या सर्टिफिकेटचं नाव बदललं, तर कनेक्टरवरचा मजकूर आणि नवं सर्टिफिकेट यांचा मेळ बसत नाही. नाव तेच राहिलं तर उलटी गंमत होते: जुनं सर्टिफिकेट काढायला गेलं की सर्व्हर ते वापरात असल्याचं सांगून नकार देतो. दोन्ही प्रसंगी तो मजकूर डोळ्यांनी, अक्षरन् अक्षर ताडून बघा.

हे सगळं झाल्यावर, आणि हायब्रिड ऑब्जेक्ट खरोखरच खराब असेल तरच, रिमूव्ह-हायब्रिडकॉन्फिगरेशन चालवा. डोमेन कंट्रोलर अनेक असतील तर रेप्लिकेशन पूर्ण होऊ द्या.

## ८. विझार्ड पुन्हा चालवा

विझार्ड नेहमी नव्याने डाउनलोड करा. डेस्कटॉपवर पडलेला जुना शॉर्टकट नको. आपल्या एक्सचेंज सर्व्हरवरून चालवा. आपल्याकडच्या सर्व्हरपाशी टीएलएस १.२ सुरू असल्याची खात्री करा.

ऑब्जेक्ट काढलेला असेल तर विझार्डला आधीचं काही आठवत नाही. डोमेन, सर्व्हर, सर्टिफिकेट, बाहेरचं नाव, सेंट्रलाइज्ड ट्रान्सपोर्ट हे सगळं पुन्हा निवडावं लागेल. तिसऱ्या पायरीत साठवलेली फाइल समोर ठेवूनच निवडा.

दोन अडथळे इथे वारंवार येतात. पहिला, सर्व्हरपुढे रिव्हर्स प्रॉक्सी असणं. वेब सर्व्हिसेसच्या डब्ल्यूएस-सिक्युरिटी आणि एमआरएस प्रॉक्सीच्या (मेलबॉक्स हलवणाऱ्या सेवेच्या) मार्गांवर प्रॉक्सीने आधीच लॉगिन मागितलं तर एंडपॉइंट तयार होणार नाही. दुसरा, एक्स्टेंडेड प्रोटेक्शन, म्हणजे मधल्यामध्ये लॉगिन पकडून वापरण्यापासूनचं संरक्षण. एक्सचेंज २०१९ चं चौदावं क्युम्युलेटिव्ह अपडेट फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं आणि तेव्हापासून सेटअप हे संरक्षण आपोआप चालू करतो. एजंटमार्फत प्रकाशित केलेल्या सर्व्हरवर, वेब सर्व्हिसेसच्या फ्रंट-एंडला ते चालू असेल तर फ्री-बिझी आणि मेलबॉक्स हलवणं दोन्ही मोडतं. त्यासाठी सेटअपमध्ये वेगळा स्विच दिलेला आहे. एसएसएल ऑफलोडिंगबरोबरही ते चालत नाही.

पोर्ट २५ च्या वाटेवर, आपला सर्व्हर आणि एक्सचेंज ऑनलाइन यांच्यामध्ये, मेल उघडून तपासणारं कुठलंही उपकरण नको. फक्त एज ट्रान्सपोर्ट सर्व्हर चालतो. सुरक्षा विभाग याला हरकत घेईल. तपासणी नको असं तुम्ही म्हणत नाही आहात, ती या दोन टोकांच्या मध्ये नको एवढंच त्यांना समजावून सांगा.

## ९. ओऑथ आणि स्वतंत्र हायब्रिड ॲप

जुन्या मार्गदर्शिका वाचून काम करणारे हल्ली इथे फसतात. पूर्वी आपला एक्सचेंज सर्व्हर आणि एक्सचेंज ऑनलाइन एकच सामायिक सर्व्हिस प्रिन्सिपल, म्हणजे एन्ट्रा आयडीमधली ॲपची ओळख, वापरत. एप्रिल २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रत्येक टेनंटसाठी स्वतंत्र हायब्रिड ॲपची सोय आणली. ऑगस्ट २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-५३७८६ ही त्रुटी जाहीर झाली: आपल्याकडच्या सर्व्हरवर ॲडमिन अधिकार मिळवलेला हल्लेखोर क्लाउडमध्येही अधिकार वाढवू शकत होता, आणि त्याचा माग सहज लागत नव्हता. ३१ ऑक्टोबर २०२५ नंतर सामायिक प्रिन्सिपलवरून होणारी वेब सर्व्हिसेसची रहदारी कायमची अडवली गेली.

म्हणून रीसेटनंतर क्लाउडमधल्या सहकाऱ्याचं कॅलेंडर दिसत नसेल, तर पहिला प्रश्न हाच: स्वतंत्र ॲप केलं आहे का? ते नवा विझार्ड किंवा मायक्रोसॉफ्टची कॉन्फिगरएक्सचेंजहायब्रिडॲप्लिकेशन ही स्क्रिप्ट वापरून करता येतं. सर्व्हरवर एप्रिल २०२५ चं हॉटफिक्स अपडेट किंवा त्यानंतरचं अपडेट असायला हवं. सबस्क्रिप्शन एडिशनमध्ये ही सोय मुळातच आहे. २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावर असाल तर रीसेटची मेहनत जुन्या सर्व्हरवर घालण्यापेक्षा आधी सबस्क्रिप्शन एडिशनवर जा, असं मी आवर्जून सांगेन.

ॲप झालं की त्याच स्क्रिप्टच्या क्लीनअप मोडने सामायिक प्रिन्सिपलवरची जुनी सर्टिफिकेटं काढा. पूर्वी कधीतरी हायब्रिड केलेलं पण आता वापरत नसलेल्यांनीही हे करायचं आहे, कारण सर्टिफिकेट तिथे पडून असतं. विझार्ड पुन्हा चालवला तर ही जागा पुन्हा तपासा.

## १०. तपासणी

कनेक्टर हिरवे दिसतात म्हणून काम झालं असं धरू नका. चाचणी मेलबॉक्सवरून दोन्ही दिशांनी मेल पाठवा आणि मिळालेल्या मेलचे हेडर उघडा. त्यात एक्स-एमएस-एक्सचेंज-ऑर्गनायझेशन-ऑथॲज ही ओळ शोधा. तिथे 'इंटर्नल' असेल तर दोन्ही बाजू एकमेकांना घरचं मानतात. 'ॲनॉनिमस' असेल तर मेल पोहोचली तरी हायब्रिड मोडलेलंच आहे: सर्टिफिकेट जुळत नाही, मध्ये कोणीतरी टीएलएस तोडतंय, किंवा मेल भलत्याच कनेक्टरने निघाली. सेंड कनेक्टरचा प्रोटोकॉल लॉग चालू करून सर्टिफिकेटची देवाणघेवाण बघा, यांतलं नेमकं कोणतं ते कळतं.

ओऑथसाठी टेस्ट-ओऑथकनेक्टिव्हिटी दोन्ही दिशांनी चालवा. कमांड वापरलेलं टोकन आणि उत्तर छापते; फक्त 'सक्सेस' बघून थांबू नका, कोणत्या पत्त्यावर विचारणा गेली तेही वाचा. स्थलांतरासाठी टेस्ट-मायग्रेशनसर्व्हरअव्हेलेबिलिटी आहे. बाहेरून ऑटोडिस्कव्हर तपासायला मायक्रोसॉफ्टचं रिमोट कनेक्टिव्हिटी ॲनालायझर वापरा. फ्री-बिझी मात्र शेवटी आउटलुकमध्ये, मीटिंग बोलवायच्या खिडकीतच बघा. बदल लगेच दिसले नाहीत तर पुन्हा पुसायला सुरुवात करू नका. सर्व्हरवरचे ऑटोडिस्कव्हर आणि वेब सर्व्हिसेसचे ॲप पूल रिसायकल करा आणि क्लाउडला थोडा अवधी द्या.

एक मेलबॉक्स क्लाउडवर नेऊन परत आणा. यात एंडपॉइंट, पत्ते आणि परवानग्या एकदमच तपासल्या जातात.

सगळं आठवडाभर नीट चाललं की बंद करून ठेवलेले जुने कनेक्टर काढून टाका. साठवलेल्या फाइली मात्र ठेवा, आणि त्यांच्याबरोबर दोन तारखा लिहा: टीएलएस सर्टिफिकेट संपण्याची आणि ऑथ सर्टिफिकेट संपण्याची. ऑथ सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं आणि ते कोणाच्याही कॅलेंडरमध्ये नसतं. गेट-ऑथकॉन्फिगमधून त्याचा थंबप्रिंट घ्या, गेट-एक्सचेंजसर्टिफिकेटमध्ये त्याची तारीख बघा, आणि संपण्याच्या दोन महिने आधीचं स्मरण टीमच्या सामायिक कॅलेंडरवर लावा.